ऑस्कर एडवर्ड माइन्झर

ऑस्कर एडवर्ड माइन्झर (२८ नोव्हेंबर १८७६ – १४ जून १९४८) हे अमेरिकन भूवैज्ञानिक व भूजलशास्त्रज्ञ होते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील भूजल विभागाचे ते तीन दशकांहून अधिक काळ प्रमुख होते. भूजलशास्त्राची परिभाषा निश्चित करणे, भूजलसाठ्यांच्या परिमाणात्मक अंदाजाच्या पद्धती घडवणे आणि दाबाखालील जलधर संपीड्य व स्थितिस्थापक असतात हे दाखवून देणे, ही त्यांची प्रमुख कामगिरी मानली जाते. आधुनिक भूजलशास्त्राचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो. डकोटा वालुकाश्मातील पाण्याच्या घटीवर त्यांनी केलेले संशोधन थरयुक्त जलधर प्रणालींतील भूजलऱ्हासाच्या अभ्यासाचा आरंभबिंदू ठरले.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

माइन्झर यांचा जन्म अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील डेव्हिस या गावाजवळ झाला. विस्कॉन्सिन राज्यातील बेलॉइट महाविद्यालयातून त्यांनी १९०१ मध्ये पदवी घेतली. त्यानंतर काही काळ अध्यापन करून ते भूविज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिकागो विद्यापीठात गेले. याच विद्यापीठाने पुढे १९२२ मध्ये त्यांना डॉक्टरेट प्रदान केली. तोपर्यंत क्षेत्रकार्याचा सुमारे दीड दशकांचा अनुभव त्यांच्या गाठीशी जमा झाला होता.

सर्वेक्षण संस्थेतील कारकीर्द

माइन्झर १९०६ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत रुजू झाले. सुरुवातीची त्यांची कामे मिनेसोटाचा दक्षिण भाग, न्यू मेक्सिकोतील एस्टान्सिया खोरे व टुलारोसा खोरे, ॲरिझोनातील सल्फर स्प्रिंग खोरे आणि नेव्हाडातील बिग स्मोकी खोरे अशा प्रदेशांत झाली. यांपैकी बहुतेक प्रदेश कोरडे होते. तेथे वसाहत करू पाहणाऱ्या शेतकऱ्यांपुढे जमिनीखाली पाणी किती खोलीवर आहे, ते पिण्याजोगे आहे का आणि ते किती वर्षे पुरेल, असे तीन प्रश्न असत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विहिरींच्या नोंदी व रासायनिक पृथक्करण यांतून मिळत. तिसऱ्या प्रश्नाला मात्र त्या काळी खात्रीची पद्धत नव्हती.

वॉल्टर मेंडनहॉल यांच्यानंतर १९१२ मध्ये भूजल विभागाची सूत्रे माइन्झर यांच्याकडे आली आणि १९४६ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली. प्रदेशवार वर्णनात्मक अहवाल लिहिणारा हा विभाग त्यांच्या कारकिर्दीत मोजमाप आणि गणितावर उभ्या असलेल्या संशोधनाचे केंद्र बनला. वॉशिंग्टन येथे त्यांनी जलशास्त्रीय प्रयोगशाळा उभी केली. तेथे वाळू, रेती व खडकांच्या नमुन्यांची सच्छिद्रता आणि पार्यता, म्हणजे पाणी आपल्यातून वाहू देण्याची क्षमता, मोजली जाई. नोरा डॉवेल स्टर्न्स यांनी तेथे केलेल्या चाचण्यांचा अहवाल १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. देशभरातील निरीक्षण विहिरींच्या पाणीपातळ्यांचे वार्षिक अहवाल छापण्याची प्रथाही १९३५ पासून त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली. भूजलाची घट ओळखण्यासाठी एका वर्षाची पातळी पुरेशी नसते, दीर्घकाळाच्या अखंड नोंदी लागतात, ही या उपक्रमामागील भूमिका होती.

परिभाषा व ताळेबंदाच्या पद्धती

१९२३ मध्ये माइन्झर यांचे दोन महत्त्वाचे ग्रंथ सर्वेक्षण संस्थेच्या जलपुरवठा प्रबंधमालेत प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकात अमेरिकेतील भूजलाच्या आढळाचे तत्त्वांसह विवेचन असून दुसऱ्यात भूजलशास्त्राची रूपरेषा व व्याख्या आहेत. तोपर्यंत एकच संज्ञा वेगवेगळे लेखक वेगवेगळ्या अर्थांनी वापरत. संपृक्त क्षेत्र, विशिष्ट निष्पत्ती, मुक्त व बंदिस्त जल यांसारख्या संकल्पनांना माइन्झर यांनी नेमके अर्थ दिले. आपली मुळे भूजलापर्यंत पोहोचवून त्यावर जगणाऱ्या वनस्पतींसाठी ‘फ्रिॲटोफाइट’ ही संज्ञाही त्यांनीच रूढ केली. अशा वनस्पतींवरून भूजलाचा माग कसा काढावा, याविषयीचा त्यांचा ग्रंथ १९२७ मध्ये प्रकाशित झाला.

भूजलाकडे ताळेबंदाच्या दृष्टीने पाहणे हे त्यांच्या पद्धतीचे मुख्य सूत्र होते. एखाद्या खोऱ्यात पाऊस व प्रवाहांमधून जमिनीत मुरणारे पाणी ही आवक. झरे, नद्या, वनस्पती व विहिरी यांवाटे बाहेर पडणारे पाणी ही जावक. आणि दोहोंतील फरक साठ्यातील वाढ किंवा घट म्हणून दिसला पाहिजे. कनेक्टिकट राज्यातील पॉम्परॉग खोऱ्याचा असा सविस्तर हिशोब त्यांनी नोरा स्टर्न्स यांच्यासह १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. १९३२ मध्ये त्यांनी भूजलपुरवठ्याचा अंदाज करण्याच्या सर्व ज्ञात पद्धतींचा आढावा घेतला. आवक मोजणे, जावक मोजणे, पाणीपातळीच्या चढउतारांवरून साठ्यातील बदल काढणे आणि जलधरातून होणारा प्रवाह गणिताने काढणे अशा निरनिराळ्या वाटांचा त्यात समावेश होता. शक्य तेथे एकाहून अधिक वाटांनी अंदाज करून ते परस्परांशी ताडून पाहण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला.

डकोटा वालुकाश्माचा अभ्यास

पार्श्वभूमी

उत्तर व दक्षिण डकोटा राज्यांच्या विस्तीर्ण गवताळ मैदानांखाली डकोटा वालुकाश्म या नावाने ओळखला जाणारा वाळूच्या खडकाचा थर आहे. त्याच्यावर शेल या बारीक कणांच्या, अत्यंत कमी पार्यतेच्या खडकाचे जाड थर आहेत. पाणी साठवणाऱ्या व वाहू देणाऱ्या खडकाला जलधर म्हणतात, तर त्याच्या वरच्या किंवा खालच्या कमी पार्यतेच्या थराला रोधक थर म्हणतात. रोधक थराखाली दाबात असलेले पाणी विहीर खोदताच वर चढते आणि दाब पुरेसा असल्यास पंपाविना जमिनीवर वाहू लागते. अशा विहिरीला आर्टेशियन विहीर म्हणतात.

१८८० च्या दशकापासून डकोटात अशा विहिरी मोठ्या संख्येने खोदल्या गेल्या. काही विहिरींचा दाब इतका होता की, त्यावर पिठाच्या गिरण्या चालवल्या जात. भूवैज्ञानिक नेल्सन हॉरेशिओ डार्टन यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार हे पाणी पश्चिमेकडील ब्लॅक हिल्स या डोंगराळ भागात उघड्या पडलेल्या खडकांत मुरते आणि वालुकाश्मातून शेकडो किलोमीटर पूर्वेकडे वाहत येते. या कल्पनेमुळे हा पुरवठा डोंगरातून येणाऱ्या नळासारखा अखंड आहे, असा समज पसरला. अनेक विहिरी वर्षानुवर्षे रात्रंदिवस उघड्या सोडल्या गेल्या. हळूहळू त्यांचे दाब घसरू लागले, प्रवाह मंदावले आणि उंचावरील विहिरींचे वाहणे थांबले. जनावरांना पाणी पाजण्यासाठी व घरगुती वापरासाठी याच विहिरींवर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा गंभीर प्रश्न होता.

जमाखर्चातील तफावत

उत्तर डकोटाच्या आग्नेय भागातील एजली परिसराचा अभ्यास माइन्झर यांनी हर्बर्ट हार्ड यांच्यासह केला. त्याचा अहवाल १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. विहिरींतून पहिल्यापासून किती पाणी वाहून गेले असावे, याचा अंदाज त्यांनी प्रथम केला. त्यानंतर वालुकाश्माची जाडी, पार्यता आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे असलेला दाबाचा उतार यांवरून त्या परिसरात किती पाणी वाहत येऊ शकते, याचे गणित मांडले. बाहेर पडलेले पाणी येणाऱ्या पाण्याच्या कित्येक पट निघाले.

अर्थात उरलेले पाणी साठ्यातूनच आले होते. परंतु येथे एक अडचण होती. उघड्या विहिरीच्या परिसरात पातळी उतरली की खडकाच्या छिद्रांतील पाणी निघून जाते व त्यांत हवा शिरते. डकोटा वालुकाश्मात तसे घडलेले नव्हते. दाब घटला असला, तरी पाण्याची दाबपातळी वालुकाश्माच्या माथ्यापेक्षा बरीच वर होती आणि खडक पूर्वीसारखाच पाण्याने भरलेला होता. छिद्रे रिकामी न होता त्यांतून एवढे पाणी कसे बाहेर पडले, हा प्रश्न माइन्झर यांच्यापुढे उभा राहिला.

जलधराची संपीड्यता

या प्रश्नाचे उत्तर माइन्झर यांनी १९२८ मध्ये ‘इकॉनॉमिक जिऑलॉजी’ या नियतकालिकातील लेखात सविस्तर मांडले. बंदिस्त जलधरावरील खडकांचे वजन दोन घटक मिळून पेलतात: खडकातील कणांचा सांगाडा आणि छिद्रांतील पाण्याचा दाब. विहिरींमुळे पाण्याचा दाब घटला की, त्याच्या वाट्याचा भार कणांच्या सांगाड्यावर येतो. सांगाडा किंचित दबतो, छिद्रांचे आकारमान कमी होते आणि तेवढे पाणी पिळून निघते. शिवाय दाब कमी झाल्याने पाणीही अल्प प्रमाणात प्रसरण पावते. प्रत्येक घनमीटर खडकातून निघणारे पाणी नगण्य भासते, परंतु जलधराचा विस्तार हजारो चौरस किलोमीटर असल्याने एकूण राशी मोठी होते.

या मांडणीच्या समर्थनार्थ त्यांनी विविध ठिकाणची निरीक्षणे एकत्र आणली. समुद्रकिनाऱ्याजवळील खोल विहिरींची पातळी भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते. लोहमार्गाजवळच्या विहिरीत गाडीच्या भाराने पातळी क्षणभर चढते. टेक्सासमधील गूस क्रीक येथे तेल व त्याबरोबरचे पाणी उपसल्यानंतर जमीन खचली. वरचा भार किंवा आतील दाब बदलला की खडक दबतो अथवा पूर्ववत होतो, हे या सर्व उदाहरणांतून दिसत होते. याच सुमारास, १९२५ मध्ये, कार्ल तेर्झागी यांनी मृदायांत्रिकीत कणांवरील परिणामी ताणाचे तत्त्व मांडले होते. निराळ्या शाखांतून आलेले हे विचार पुढे एकत्र आले.

या निष्कर्षाचे व्यावहारिक महत्त्व एका साध्या उदाहरणावरून लक्षात येते. समजा, मुक्त जलधराची विशिष्ट निष्पत्ती ०.१५ आहे. एक चौरस किलोमीटर क्षेत्रात पातळी १ मीटर उतरली, तर त्यातून १,५०,००० घनमीटर पाणी मिळते. बंदिस्त जलधराचा संचय गुणांक ०.०००१ धरल्यास तेवढ्याच क्षेत्रात तेवढ्याच उतारातून केवळ १०० घनमीटर पाणी मिळते. म्हणूनच बंदिस्त जलधरातील दाब थोड्या उपशानेही झपाट्याने व दूरवर घसरतो. केवळ पातळीतील उतार पाहून किती पाणी संपले हे सांगता येत नाही. ते पाणी कोणत्या प्रकारच्या साठ्यातून आले हेही ठाऊक असावे लागते.

सहकारी व पुढील विकास

माइन्झर यांच्या विभागात अनेक संशोधक घडले. एल. के. वेन्झेल यांनी जर्मन अभियंता ग्युंटर थीम यांच्या पद्धतीची चाचणी नेब्रास्कातील ग्रँड आयलंडजवळ घेतली. वॉल्टर व्हाइट यांनी युटातील एस्कलांटे खोऱ्यात पाणीपातळीच्या दैनंदिन चढउतारांवरून वनस्पतींनी शोषलेल्या भूजलाचा अंदाज करण्याची पद्धत १९३२ मध्ये मांडली. न्यू मेक्सिकोतील रॉसवेल आर्टेशियन खोऱ्यावरील फिडलर व नाय यांचा अहवाल १९३३ मध्ये आला. त्याच राज्याने १९३१ मध्ये भूजल कायदा केला होता.

चार्ल्स व्हर्नन थाईस यांचे काम या सर्वांत विशेष ठरले. उष्णतेच्या वहनाशी साधर्म्य साधून त्यांनी १९३५ मध्ये विहिरीतील उपसा, काळ आणि पातळीतील उतार यांचा संबंध सांगणारे समीकरण दिले. दाब घटताच जलधर आपल्या साठ्यातून पाणी सोडतो, हे गृहीतक त्या समीकरणाच्या मुळाशी आहे. चार्ल्स एडवर्ड जेकब यांनी १९४० मध्ये स्थितिस्थापक जलधरातील प्रवाहाचे समीकरण भौतिकशास्त्राच्या तत्त्वांवरून सिद्ध केले. त्यामुळे माइन्झर यांच्या निरीक्षणांना गणिती पाया मिळाला.

सन्मान व मृत्यू

माइन्झर यांच्या संपादनाखाली जलविज्ञानावरील बृहद्ग्रंथ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. पृथ्वीच्या भौतिकीवरील ग्रंथमालेचा तो नववा खंड होता. अमेरिकन जिओफिजिकल युनियन या संस्थेने १९४३ मध्ये त्यांना विल्यम बोवी पदक देऊन गौरवले. १९४६ मध्ये ते शासकीय सेवेतून निवृत्त झाले. त्यानंतर याच युनियनचे ते अध्यक्ष झाले आणि त्या पदावर असतानाच १४ जून १९४८ रोजी त्यांचे निधन झाले.

पार्यतेच्या एका जुन्या एककाला त्यांच्या सन्मानार्थ ‘माइन्झर’ हे नाव मिळाले. ६० अंश फॅरनहाइट तापमानाचे पाणी एकक उतारावर एक चौरस फूट छेदातून दिवसाला एक अमेरिकन गॅलन वाहत असेल, तर ती पार्यता एक माइन्झर होय. मेट्रिक पद्धतीत हे प्रमाण दिवसाला सुमारे ०.०४१ मीटर इतके भरते. अमेरिकन भूवैज्ञानिक संस्थेचा जलभूविज्ञान विभाग १९६५ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार देतो. त्याचे पहिले मानकरी जोसेफ टोथ हे होते.

मर्यादा व टीका

डकोटाच्या अभ्यासावर लगेचच चर्चा सुरू झाली. विल्यम रसेल यांनी १९२८ मध्ये आर्टेशियन दाबाच्या उगमाविषयी वेगळे मत मांडून ब्लॅक हिल्समधून येणाऱ्या अखंड प्रवाहाच्या कल्पनेवर शंका घेतली. १९६८ मध्ये फ्रँक स्वेन्सन यांनी या वालुकाश्माला खालच्या मॅडिसन चुनखडकातून पाणी मिळत असल्याचे प्रतिपादन केले.

सुरक्षित उपसा या संकल्पनेवरील टीका अधिक दूरगामी ठरली. ही संज्ञा चार्ल्स ली यांनी १९१५ मध्ये वापरली होती आणि माइन्झर यांनी ती व्यापक प्रमाणात रूढ केली. पुढे व्यवहारात तिचा अर्थ वार्षिक पुनर्भरणाइतका उपसा सुरक्षित, असा सरधोपट घेतला जाऊ लागला. थाईस यांनी १९४० मध्ये दाखवून दिले की, विहिरीतून काढलेल्या पाण्याची भरपाई साठ्यातील घट, झरे-नद्यांना मिळणाऱ्या पाण्यातील घट किंवा वाढलेले पुनर्भरण यांतूनच होते. त्यामुळे उपसा पुनर्भरणापेक्षा कमी असला, तरी त्याची किंमत कोठे ना कोठे मोजली जातेच. जॉन ब्रेडहोफ्ट यांनी १९८२ मध्ये हाच मुद्दा पुन्हा ठामपणे मांडला.

रोधक थरांतील पाणी

माइन्झर यांचे स्पष्टीकरण प्रामुख्याने वालुकाश्माच्या दबण्यावर आधारलेले होते. थरयुक्त प्रणालीत मात्र वाळूच्या थरांच्या वरखाली असलेले चिकणमातीचे व शेलचे थरही पाण्याने भरलेले असतात. त्यांतून पाणी अतिशय मंद गतीने वाहते, म्हणून प्रारंभीच्या गणितात त्यांना जवळपास अभेद्य मानले जाई. परंतु चिकणमाती वाळूपेक्षा अधिक दबते. समजा, १० मीटर जाडीच्या चिकणमातीच्या थरात दर मीटर जाडीमागे ०.०००१ इतका विशिष्ट संचय आहे. त्यातील दाब सर्वत्र १ मीटरने उतरला, तर एक चौरस किलोमीटरमागे १,००० घनमीटर पाणी निघते, म्हणजे वरील उदाहरणातील बंदिस्त जलधराच्या दहापट. हे पाणी सावकाश निघते आणि त्याला लागणारा काळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे उपसा स्थिरावल्यानंतरही रोधक थरांतून पाणी दीर्घकाळ पाझरत राहते.

माइन्झर यांच्या निधनानंतर या बाजूचा अभ्यास वाढला. महदी हंतूश व जेकब यांनी १९५५ मध्ये गळती असलेल्या जलधराचा सिद्धांत मांडला. कॅलिफोर्नियातील सॅन वाकीन खोऱ्यात भूजलाच्या उपशामुळे १९७७ पर्यंत जमीन काही ठिकाणी सुमारे ९ मीटर खचल्याचे दिसून आले. जोसेफ पोलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी या खचण्याचे कारण मुख्यतः चिकणमातीच्या थरांच्या दबण्यात असल्याचे दाखवले. एकदा अशा रीतीने घट्ट झालेली चिकणमाती पाणी परत मिळाले, तरी बहुतांशी पूर्ववत होत नाही.

१९८३ मध्ये ब्रेडहोफ्ट, न्यूझिल व मिली यांनी डकोटा जलधराचाच पुन्हा अभ्यास केला आणि तेथील प्रवाहात रोधक थरांचा मोठा वाटा असल्याचे दाखवले. कोनिकोव्ह व न्यूझिल यांनी २००७ मध्ये रोधक थरांतील ऱ्हासाचा अंदाज करण्याची सुटसुटीत पद्धत दिली. तपशीलवार मोजमापे नसलेल्या प्रदेशांतही भूवैज्ञानिक माहितीवरून थरांचे गुणधर्म अजमावून ती वापरता येते. दक्षिण डकोटातील डकोटा प्रणाली आणि व्हर्जिनियाचे किनारी मैदान या दोन्ही ठिकाणी जलधरापेक्षा रोधक थरांतील ऱ्हास बराच अधिक असल्याचे त्यांना आढळले. कोनिकोव्ह यांच्या २०१३ मधील अंदाजानुसार १९०० ते २००८ या काळात अमेरिकेतील भूजलसाठा सुमारे १,००० घन किलोमीटरने घटला.

१९२५ च्या अहवालातील जमाखर्चाची तफावत ज्या थरांकडे बोट दाखवत होती, त्यांपैकी वालुकाश्माचा वाटा माइन्झर यांनी स्वतः उलगडला आणि शेलचा वाटा पुढील पिढ्यांनी मोजला. आवक, जावक आणि साठा यांचा मेळ बसला नाही, तर साठा नव्याने शोधावा, ही त्यांनी घालून दिलेली पद्धत आजही भूजलऱ्हासाच्या अंदाजाचा पाया आहे.